"रिपोर्टमध्ये विशेष काही नाही" म्हटलं आणि पेशंट उठून गेली

खाडीपलीकडची | ९ जुलै, रात्री १०:५०

इतकी वर्षं इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट. मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात सहा वर्षं क्लिनिक चालवते. क्लिनिक म्हणजे दोन खाटा, मधे पडदा, आणि पावसाळ्यात दिवसातून चारदा जाणारी लाईट.

परवा एक मावशी आल्या. पन्नाशीच्या पुढच्या. मासळी विकतात, सध्या बंदी आहे म्हणून सुकं घेऊन बसतात. दोन वर्षं कंबर दुखतेय, उजव्या पायात अधूनमधून कळ जाते. त्यांनी पिशवीतून गोव्याला काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट काढला. लॅमिनेट केलेला! आधार कार्ड लॅमिनेट केलेलं बघितलंय, रिपोर्ट पहिल्यांदाच.

मी नीट तपासलं. पायातली ताकद ठीक, संवेदना ठीक, लघवी-संडासची तक्रार नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. वाकून बसल्यावर वाढतं, चाललं की सैल होतं. रिपोर्टमध्ये एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, गादी थोडी फुगलेली, बाकी वयाची झीज. मला खरंच बरं वाटलं त्यांच्यासाठी. हसून म्हटलं, "मावशी, घाबरू नका. रिपोर्टमध्ये विशेष काही नाहीये. या वयात सगळ्यांचंच असं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागद माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, पिशवीत ठेवला. "म्हंजे माका दुखता ता खोटा?"

मग मी तेच केलं जे करू नये. बोलत सुटले. मेंदू, नसा, संवेदनशीलता. त्या ऐकत नव्हत्या, मला दिसत होतं, तरी मी बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मशीन लावूचा नाय?" मी म्हटलं, आज नको, दोन व्यायाम दाखवते. शंभराची नोट टेबलावर ठेवून गेल्या. छत्री विसरल्या, ती घ्यायलाही आल्या नाहीत.

इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं कॉलेजात घालवली. कुठला स्नायू कुठून निघतो नि कुठे चिकटतो ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. माणसाशी त्याच्या दुखण्याबद्दल बोलायचं कसं, यावर एक तास झाल्याचं आठवत नाही. शास्त्राच्या दृष्टीने मी चुकीचं काही बोलले नव्हते. मग चुकलं कुठे?

----

भरतीओहोटी | ९ जुलै, रात्री ११:३५

वाक्य बरोबरच होतं, नंबर चुकला. ते पाचवं वाक्य, तू पहिलं म्हणून टाकलंस.

मी रत्नागिरीत बावीस वर्षं हेच काम करतोय. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आतापर्यंत तुम्हाला कुणी काय काय सांगितलंय?" दुसरा: "आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आत काय झालं असेल?" मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली. पेशंट दोन वाक्यं बोलून थांबतो, आपल्याला वाटतं संपलं, आपण तोंड उघडतो. खरी गोष्ट तिसऱ्या वाक्यात असते.

मिरकरवाड्यातला एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, आला होता. त्याला कुणीतरी सांगितलेलं, मणक्यात गॅप पडलाय. आता गंमत बघा, तो डॉक्टर ज्याला गॅप म्हणत होता तिथे प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. गॅप पडत नाही, बुजतो! पण आपल्याकडे हा शब्द असा रुजलाय की काही विचारू नका. तर मी विचारलं, गॅप म्हणजे काय असेल हो? तो म्हणाला, "होडीच्या दोन फळ्यांत फट पडते तशी. वाकलो की वाढणार, आणि एक दिवस दोन तुकडे." आठ महिने हा माणूस वाकला नव्हता. चपला बायको घालत होती पायात.

आता या माणसाला मी "तसं काही नसतं हो" म्हटलं असतं तर? त्याच्या डोक्यात होडी फुटतेय आणि मी किनाऱ्यावरून हात हलवतोय. मी म्हटलं, होडीच्या माणसा, चल बघू फट कुठे आहे. पाच किलोची वाळूची पिशवी स्टुलावर ठेवली, उचलायला लावली. मग स्टूल काढून पाटावर. मग जमिनीवर. तीन आठवडे लागले जमिनीपर्यंत पोचायला. गादीचा मी शब्दही काढला नाही, त्यानेच एक दिवस विचारलं.

----

दापोलीकर_आबा | १० जुलै, सकाळी ६:१२

ताई, मनाला लावून घेऊ नका. मी या धंद्यात तुमच्याही आधीपासून आहे.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. हसू नका. लहानपणी वाडीत कुणाची उसण भरली की पहाटे आमच्या दारात माणूस उभा. आई मला झोपेतून उठवायची, मी डोळे चोळत जाऊन त्या माणसाच्या कमरेला तीन वेळा पाय लावायचा. फी एक कप चहा आणि बटर. माझ्याकडे मशीन नव्हतं, डिग्री नव्हती, वय वर्षं नऊ. पण माणसं बरी व्हायची हो! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच माणूस नांगर धरून शेतात. आता यामागचं शास्त्र तुम्ही सांगा.

----

भरतीओहोटी | १० जुलै, सकाळी ८:४०

आबा, अर्धं शास्त्र म्हणजे उसण बहुतेकदा आपोआपच उतरते, तुम्ही पाय लावा नाहीतर नका लावू. अचानक धरलेली कंबर बऱ्याच जणांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सैल होते. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. त्या माणसाला पहाटे कुणी विचारलं नाही की खरंच दुखतंय का. पोराला झोपेतून उठवलं म्हणजे दुखणं मान्य झालं. आणि अंगाला स्पर्श झाला. चोळल्याने बरं का वाटतं याचं एक उत्तर मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं. ढोबळ सांगायचं तर स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूपाशी आधी पोचला की दुखण्याच्या निरोपाला दार जरा लोटलं जातं. पुढे त्या सिद्धांतात बरेच फेरफार झाले, पण आजीच्या तेल चोळण्याला तेव्हापासून थोडी इज्जत मिळाली.

----

अस्थिपंजर | १० जुलै, दुपारी २:१८

ऑर्थोपेडिक सर्जन आहे. दोन गोष्टी.

एक. "रिपोर्टमध्ये काही नाही" हे बोलण्याआधी धागाकर्तीने तपासणी केलीय, त्याबद्दल पूर्ण मार्क. सगळे करत नाहीत. दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागात, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल उचलता न येणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं: यातलं काहीही असेल तर गप्पा बंद, पेशंट आमच्याकडे. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो, आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वागतो.

दोन. कृपा करून पेशंटला "डॉक्टरांनी उगाच घाबरवलं" असं सांगू नका. परवा एक जण माझ्या टेबलावर रिपोर्ट आपटून गेला, फिजिओ म्हणते यात काही नाही, मग तुम्ही का गॅप म्हणालात? पेशंट बिचारा दोघांच्या मधे चेंगरतो आणि शेवटी दोघांनाही सोडून देतो.

बाकी आकड्यांचं म्हणाल तर तुम्ही बरोबर आहात. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून काढलेला आढावा आहे, ३११० माणसं, कुणालाही पाठीचं दुखणं नाही. त्यांच्यात विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली विशीत ३०, ऐंशीत ८४ टक्के. आणि हे सगळे न दुखणारे लोक!

----

खाडीपलीकडची | १० जुलै, रात्री ९:०५

डॉक्टर, मनापासून विचारते, राग नसावा. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत. मग ओपीडीत "गॅप" का म्हणता?

----

अस्थिपंजर | १० जुलै, रात्री ११:५१

कारण सकाळच्या ओपीडीत साठ पेशंट असतात आणि "गॅप" एका सेकंदात होतं.

अभिमानाने सांगत नाहीये.

----

इंटर्न_वेंगुर्ला | ११ जुलै, सकाळी १०:२०

खूप छान धागा. मी शेवटच्या वर्षाला शिकलेली एक गोष्ट पेशंटना सांगते, ती इथे देते. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली केस आहे. २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराने खाली उडी मारली ती थेट १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आलेला. जरा हलवलं तरी तो किंचाळत होता, म्हणून गुंगीची औषधं देऊन खिळा काढला. बूट काढून बघतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! म्हणजे इजा नसतानाही खरंखुरं दुखू शकतं. पेशंटला पटकन कळतं.

----

रिक्षा_लांजा | ११ जुलै, संध्याकाळी ७:४४

पेशंटच्या बाजूने कुणी बोलेना म्हणून लिहितो. सोळा वर्षं रिक्षा चालवतो, त्यातली चार वर्षं कंबर धरून.

मॅडम, ती खिळ्याची गोष्ट मलाही सांगितली होती एकाने. मला काय कळलं सांगू? बूट काढल्यावर तो इसम येडा ठरला. म्हणजे आता माझा पण बूट काढून मला येडा ठरवणार. गोष्ट शास्त्रीय असेल, पण ऐकणारा त्या गोष्टीत स्वतःला शोधतो, आणि त्यात खुर्ची एकच आहे, येड्याची.

त्याच्याही आधी दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, "काका, दुखणं मेंदूत तयार होतं." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बायकोने आईला, आणि दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वाडीत झालं की माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. चुलता नारळ घेऊन देवळात गाऱ्हाणं घालायला निघाला. आता तुम्ही हसताय, पण दोन महिने लोक माझ्या रिक्षात बसायला कचरत होते.

----

इंटर्न_वेंगुर्ला | ११ जुलै, रात्री ८:३०

सॉरी काका. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

----

भरतीओहोटी | ११ जुलै, रात्री १०:०२

काकांचं बरोबर आहे. आणि हा फक्त सौजन्याचा मुद्दा नाही. वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७९ सालची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. व्याख्येत भावनेचा भाग आहे, अनुभव हा शब्द आहे, आणि सोबतच्या टिपांत एक अशी की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. म्हणजे "खरं दुखतंय का" हा प्रश्न आपल्या कामातच बसत नाही.

मी खिळ्याऐवजी कुत्रा सांगतो. वाडीत एकदा बिबट्या येऊन गेला की पुढे महिनाभर कुत्रा पान हललं तरी भुंकतो. कुत्रा खोटं भुंकत नाही, त्याला खरंच काहीतरी जाणवतं. पण दर भुंकण्याला बिबट्या असतोच असं नाही. आता कुत्र्याला दगड मारून गप्प करता येत नाही, आणि घाबरून महिनाभर दार लावून बसलात तर कुत्र्याची खात्रीच पटते की बाहेर बिबट्या आहे. आपण रोज थोडं अंगणात जायचं, त्याच्या देखत. या गोष्टीत पेशंट घरमालक असतो, येडा कुणीच नसतो. लांजा-राजापूरकडे ही गोष्ट समजावून सांगावीही लागत नाही, तेच मला बिबट्याच्या तीन गोष्टी ऐकवतात आणि वीस मिनिटं जातात.

----

रिक्षा_लांजा | ११ जुलै, रात्री १०:१५

हां, हे चालेल.

----

घाटावरची | १२ जुलै, दुपारी १:००

कोकणातली नाही, पण फिजिओ आहे. सगळे बोलण्याबद्दल लिहिताय, पैशांबद्दल कुणीच नाही. धागाकर्तीच्या मावशींनी विचारलेला प्रश्नच खरा आहे: मशीन नाही तर पैसे कसले? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. ट्रॅक्शन (कंबर ताणणं), टेन्स (करंटचं मशीन), अल्ट्रासाउंडचा शेक, कमरेचे पट्टे, हे सगळं नेहमीचा उपचार म्हणून करू नका असं त्यात आहे. व्यायाम आणि समजावून सांगणं करा असं आहे. आता माझ्या क्लिनिकच्या भाड्याची मार्गदर्शिका कोण काढणार? मी दहा मिनिटं करंट लावला की पेशंट खूश होऊन दोनशे देतो. अर्धा तास बोलले तर "मॅडम नुसत्या गप्पा मारतात" म्हणून शेजारच्या क्लिनिकला जातो.

----

खाडीपलीकडची | १२ जुलै, रात्री ९:४०

हे शंभर टक्के खरं आहे आणि माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी सध्या लबाडी करते. शेकाची पिशवी ठेवते आणि ती कमरेवर असेपर्यंतच सगळं बोलून घेते. पेशंटला वाटतं शेकाचे पैसे दिले, मला वाटतं बोलण्याचे मिळाले. शेकाने बरं वाटतं हेही खोटं नाही.

----

भरतीओहोटी | १२ जुलै, रात्री १०:२०

याला लबाडी म्हणत नाहीत, हॉटेल चालवणं म्हणतात. लोक चहाचे पैसे देतात, बसायच्या जागेचे कुणी देत नाही.

अजून एक आठवलं. शून्य ते दहाची पट्टी आपल्या जुन्या माणसांच्या गळी उतरत नाही. "दहापैकी किती दुखतं?" विचारलं की "लई" असं उत्तर येतं. मी रुपयात विचारतो. "रुपयात किती आणे?" सोळा आण्यांचा रुपया, लगेच हिशोब सुरू होतो. "बारा आणे होतं, काल जरा आठ आणे झालं, आज सकाळी परत दहा." इतकं बारीक उत्तर मला कुठल्या सुशिक्षित पेशंटकडून मिळालेलं नाही. तरुण मुलांना आणे माहीत नसतात, त्यांना मोबाईलची बॅटरी विचारायची.

----

सून_नंबर_दोन | १३ जुलै, रात्री १२:०८

मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही. वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात सून आहे. सगळे प्रतिसाद वाचले. तुम्ही सगळे तो शब्द बरोबर की चूक यावर बोलताय. मला वाटतं त्या मावशींना गादीशी काही घेणं-देणंच नसेल.

तो कागद लॅमिनेट कुणी करतं का हो? डॉक्टरला दाखवायला कुणी लॅमिनेट करत नाही. घरात दाखवायला करतात.

माझ्या सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं होतं, तेव्हा घरातले सगळे म्हणायचे बाऊ करते. काजूच्या कारखान्यात दिवसभर मांडी घालून बसायचं, घरी येऊन पाणी शेंदायचं. एक्स-रेमध्ये "झीज" असा शब्द निघाला त्या दिवसापासून त्यांचं पाणी शेंदणं बंद झालं. ते माझ्याकडे आलं, तो भाग वेगळा. पण त्या एका शब्दाने जे केलं ते पंधरा वर्षांच्या कण्हण्याने झालं नव्हतं. उद्या कुणी त्यांना हसून सांगितलं असतं की आई, झीज सगळ्यांचीच होते, तर त्यांनी त्याला घरातून हाकलून दिलं असतं.

तुम्ही मावशींना धीर देताय असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं तुम्ही त्यांची रजा रद्द केलीत.

----

भरतीओहोटी | १३ जुलै, सकाळी ७:३०

बावीस वर्षांत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

----

दापोलीकर_आबा | १३ जुलै, सकाळी ७:४५

टोपी उतरवली आहे. आमच्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात म्हणतात ते यासाठीच, अंगावरून उतरवून ठेवायला जागा कुठे असते?

----

खाडीपलीकडची | १३ जुलै, रात्री १०:३०

दिवसभर याच वाक्यावर अडकले आहे. "रजा रद्द केलीत."

आणि दुसरं एक लक्षात आलं. पलीकडच्या खाटेवर त्या दिवशी कोण होतं ते आठवलं. त्यांच्या जावेची बहीण. मधे पडदा फक्त. मी जे म्हणाले, "विशेष काही नाही", ते त्या संध्याकाळी कुठल्या चुलीपाशी पोचलं असेल ते सांगायची गरज नाही. आपल्याकडे क्लिनिकमध्ये गुपित म्हणून काही नसतं. उद्यापासून पहिलं बोलणं बाहेर पडवीत, दोन खुर्च्या टाकून. पाऊस पत्र्यावर इतका वाजतो की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. कधी नव्हे तो उपयोगाचा.

छत्री अजून माझ्याकडेच आहे.

----

इंटर्न_वेंगुर्ला | १५ जुलै, सकाळी ११:१०

एक विचारू? "पूर्ण बरं होणार ना?" याला काय उत्तर देता? काल एका काकांचा खांदा आखडलेला, जुना मधुमेह. मुंबईहून मुलाचा फोन, "किती सेशन लागतील ते फिक्स सांगा, मी जीपे करतो."

----

भरतीओहोटी | १५ जुलै, दुपारी ३:००

खरं ते सांगायचं. मधुमेहात आखडलेला खांदा वेळ खातो, वर्ष-दोन वर्षंही जातात. पंधरा दिवस म्हणालीस तर सोळाव्या दिवशी तू खोटी. मी सांगतो, दुखणं आधी उतरेल, हात नंतर वर जाईल, आणि पहिल्या महिन्यात शर्ट घालणं सोपं होतंय का एवढंच बघू. मुलाला तेच, फक्त हळू आवाजात, कारण मुंबईच्या माणसाला सगळं दोन आठवड्यांच्या रजेत बसवायचं असतं. आणि दुखणं वेगळं, इजा वेगळी, हे दोघांनाही. व्यायामाने जरा दुखलं आणि रात्री उतरलं तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर कमी करायचं. साखर बघायला मात्र त्यांच्या डॉक्टरांकडे पाठव.

----

खाडीपलीकडची | १९ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. बंदी उठली, बाजार भरला. छत्री घेऊन गेले.

मावशी होत्या. समोर बांगडे, थोडी सुंगटं. मला बघून ओळख दाखवली नाही. मी बांगडे घेतले, भाव केला नाही (चूक, त्या वैतागल्या, घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यांना संशयास्पद वाटतं). छत्री दिली. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी तुमचं ऐकून न घेताच बोलले. त्या गप्प. बांगडे मोजून झाले तरी पिशवी हातात देईनात.

मग म्हणाल्या, "पाटी संपांदे. बस थय."

सव्वा तास बसले. माश्या हाकलल्या, शेवटी दोन गिऱ्हाइकांना सुट्टे पैसेही दिले. पाटी रिकामी झाल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी, भरतीओहोटींची शपथ, तोंड उघडलं नाही. जेटीवरून बाजारापर्यंत पाटी त्याच आणतात, डोक्यावर. दोन खेपा, कधी तीन. मुलगा आहे, मोटरसायकल आहे, पण त्याला मासळीच्या पाटीची लाज वाटते. एमआरआय झाल्यावर वर्षभर तो एक खेप आणायचा, कागद भिंतीला टांगलेला होता म्हणून. माझ्याकडून गेल्यावर चार दिवसांत त्याने ते बंद केलं. "तुज्या डॉक्टरणीनच सांगल्यान ना, कायएक नाय म्हणान."

सून_नंबर_दोन, तुम्ही घरात बसून ओळखलंत ते मी तपासून ओळखू शकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या क्लिनिकला आल्या, पडवीत बसलो. रुपयात किती, विचारलं. "बारा आणे." काय करायला जमायला हवं, विचारलं. मला वाटलं म्हणतील दुखणं जायला हवं. म्हणाल्या, चतुर्थीत जमिनीवर बसून मोदक वळता यायला हवेत आणि एक खेप कमी व्हायला हवी. बास.

मी लेटरहेडवर लिहून दिलं. मराठीत, मोठ्या अक्षरात. यांना कंबरदुखीचा त्रास आहे. यांनी डोक्यावरून दहा किलोपर्यंत वजन, दिवसातून एक खेप आणावी. रोज चालावं. दुपारी व्यायाम करावा. बाकीचं वजन घरातल्या दुसऱ्या माणसाने गाडीवरून आणावं. खाली सही, शिक्का.

----

अस्थिपंजर | १९ ऑगस्ट, रात्री ११:३०

वाचलं. छान वाटलं, पण हरकत नोंदवतो. आधी एमआरआयचा कागद होता, आता तुमचा. तुम्ही तिला कायमची आजारी ठरवलंत असं नाही का होत? उद्या ती दहा किलो एक ग्रॅम उचलणार नाही.

----

खाडीपलीकडची | २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

हा प्रश्न रात्रभर मलाही पडला होता. माझं म्हणणं एवढंच की जुन्या कागदावर काय बिघडलंय ते होतं, यावर काय करायचं ते आहे. "वाकू नये, उचलू नये, बसू नये" असं एकही वाक्य मुद्दाम घातलं नाही. दर महिन्याला नवीन कागद द्यायचा, किलो वाढवत, असं मावशींशी बोलणं झालंय. त्या किती वाढवू देतील ते त्यांच्या मुलाच्या मोटरसायकलवर अवलंबून आहे, माझ्या व्यायामावर नाही, हेही मला कळतंय. गादीबद्दल अजून एक शब्द बोललेले नाही. विचारतील तेव्हा.

काल आल्या तेव्हा दहा आणे होतं.

----

अस्थिपंजर | २० ऑगस्ट, दुपारी २:४०

महिन्याला नवीन कागद, हे मान्य. पुढच्या वेळी अशा पेशंटला तुमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर "गॅप" लिहिणार नाही. प्रयत्न करीन. साठ पेशंट असतात.

----

दापोलीकर_आबा | २० ऑगस्ट, दुपारी ३:१५

बाकी सगळं ठीक, पण मुख्य बातमी राहिली. नवीन कागद लॅमिनेट केला का?

----

खाडीपलीकडची | २० ऑगस्ट, रात्री ९:५०

केला. वीस रुपये पडले म्हणाल्या, ते माझ्या फीमधून कापून घेतले.